उस्तादांना वाचून दाखवलेला सामना

भोईर उस्ताद मैदानात आले की सगळ्यात आधी खाली वाकायचे. एक दगड उचलायचे, ओळखीचा असल्यासारखा निरखायचे आणि कडेच्या ढिगावर टाकायचे. असे दहा दगड झाल्याशिवाय ते शिट्टीला हात लावत नसत. आम्हीही दहा दगड उचलल्याशिवाय बूट बांधायचे नाहीत, असा नियम होता. आमचं सैनिकी ज्युनिअर कॉलेज बदलापूरला सोनिवलीच्या अंगाला आहे. आजूबाजूला इमारती चढत होत्या, खडीचे डंपर मैदानाच्या कडेने जायचे, त्यामुळे आज उचललेले दगड उद्या पुन्हा हजर. जितू एकदा वैतागून म्हणाला, "उस्ताद, ये तो खतमच होत नाहीत." उस्ताद म्हणाले, "संपवायला कोनी सांगितलंय? उचलायला सांगितलंय."

ते मूळचे अंबरनाथजवळच्या पालेगावचे. फौजेत हवालदार होते, पलटणीच्या संघातून फुटबॉल खेळले होते, आणि निवृत्त झाल्यावर वर्षावर्षाच्या करारावर आम्हाला ड्रिल आणि फुटबॉल शिकवायला आले होते. 'सर' म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. फौजेत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात, सर म्हणजे वरचे साहेब, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. बोलणं अर्धं गावचं आणि अर्धं फौजेचं. 'सावधान' असं कडक म्हणायचे की अंग आपोआप ताठ व्हायचं, आणि लगेच पुढचं वाक्य, "पालेगावच्या म्हशी पन तुमच्यापेक्षा बऱ्या लायनीत चालतात." कुणाचा शर्ट बाहेर असला तर ओरडायचे नाहीत. जवळ जाऊन हळूच विचारायचे, "कुनाच्या लग्नाला चाललास रं?"

सामना चालू असताना ते कधी बसले नाहीत. आमची बाकं होती, पाहुण्या संघाचे शिक्षक खुर्च्या मागवायचे, पण उस्ताद पांढऱ्या रेषेच्या बाहेर एक पाऊल सोडून उभे. हात मागे बांधलेले. पोरं पळतात तोवर आपण बसायचं नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. खिशात नेहमी एक मोठी सुई आणि मेणाचा दोरा असायचा. गोलची जाळी फाटली की ते तिथेच उकिडवे बसून शिवायला घ्यायचे, आणि शिवताना मात्र कुणाशी बोलायचे नाहीत.

मी उल्हासनगरच्या कॅम्प एकचा. वडील एका हार्डवेअरच्या दुकानात माल उतरवतात. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला. कॉलेजात सगळे आडनावाने हाक मारायचे, तसा मी शेलार. खेळायचो लेफ्ट बॅक, म्हणजे राखीव लेफ्ट बॅक, आणि खरं सांगायचं तर राखीवमधलाही शेवटचा. मला पळताना दम लागायचा आणि चेंडू अंगावर आला की डोळे मिटायचे. दिवाळीनंतर राखीव मुलं कमी करणार असं ऐकलं तेव्हा पहिलं नाव माझंच असणार, हे मला माहीत होतं.

मी राहिलो तो एका पुस्तकामुळे. हे सगळं त्या पुस्तकाबद्दलच आहे.

जितू आमचा कप्तान होता. तोही कॅम्प एकचाच, सिंधी. त्याच्या आजोबांचं रद्दीचं मोठं दुकान. आजोबांना त्याचं खेळणं पसंत नव्हतं, म्हणून ते त्याला सरावाच्या वेळी दुकानात थांबवून ठेवायचे. आठवडाभर कप्तान आला नाही तेव्हा उस्ताद मला वाट दाखवायला घेऊन स्वतः दुकानात गेले. मला वाटलं, आता भांडण होणार. उस्तादांनी आत शिरताच आजोबांना कडक सॅल्यूट ठोकला. आजोबा गडबडून उभे राहिले आणि "अचो साईं, वेहो" म्हणत त्यांनी वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर जागा करून दिली. मग दोघं तासभर गुडघेदुखीवर बोलले. फुटबॉलचं नावही निघालं नाही. निघताना उस्ताद एवढंच म्हणाले, "साईं, तुमचा पोरगा मला संध्याकालचे दोन तास द्या. धंदा तो तुमच्याकडून शिकेल, मला तो येत नाय." दुसऱ्या दिवसापासून जितू हजर.

पण त्या तासाभरात उस्तादांची नजर एका गठ्ठ्यावर गेली होती. त्यातून त्यांनी एक जाडजूड, पिवळं पडलेलं पुस्तक ओढून काढलं. शंभर वर्षांपेक्षा जुनं, इंग्रजांच्या काळातल्या कुठल्याशा सैनिकी कॉलेजचं वार्षिक. पुठ्ठा नव्हता, पहिली आणि शेवटची पानं गेलेली, शिवण सुटलेली. त्यामुळे ते कॉलेज कुठलं हे आम्हाला कधीच कळलं नाही. मध्ये एक फोटो होता. पट्ट्यापट्ट्यांच्या बनियनमधली अकरा मुलं, पुढे दोघं मांडी घालून बसलेले, मधे चेंडू. फोटोच्या पुढे त्यांच्या त्या वर्षाच्या प्रत्येक सामन्याची हकीकत. उस्ताद बराच वेळ फोटोकडे बघत राहिले. मग पुस्तक माझ्या हातात देत म्हणाले, "शेलार, तू शिकलेला हाईस. यात काय लिवलंय ते मला वाचून सांगायचं. दर सोमवारी एक सामना."

मला तोवर कुणी शिकलेला म्हटलं नव्हतं.

मी दहावीपर्यंत मराठी शाळेत होतो. इंग्रजी मला अक्षर लावून वाचता यायचं, पण अर्थ लागायचा नाही. त्यात ते इंग्रजी जुनं, लांबलचक वाक्यांचं. पहिल्या रविवारी मी शब्दकोश घेऊन बसलो आणि तीन तासांत सहा ओळी झाल्या. सोमवारी सरावाआधी उस्ताद स्टोअर रूमच्या पायरीवर बसले, बाजूला झाकण लावलेला चहाचा स्टीलचा ग्लास, आणि म्हणाले, "हां, बोल." तेव्हा मी म्हणायला हवं होतं की उस्ताद, मला येत नाही. मी म्हटलं, "पहिला सामना ते दोन-शून्यने हरले." आकडे मला वाचता आले होते. पुढचं मी रचलं. पाऊस पडला होता, मैदान निसरडं होतं, गोलकीपर नवीन होता.

उस्ताद मान डोलवत होते. "बरोबर हाय. नवा गोलकीपर पावसात अंदाज चुकतोच."

त्यानंतर दर सोमवारी असंच. आकडे पुस्तकातले, बाकी माझं. उस्ताद ते ऐकून सरावाच्या वेळी सगळ्यांना सांगायचे, आणि सांगताना त्यांच्या तोंडी ते इतकं खरं व्हायचं की मलाही वाटायला लागलं हे पुस्तकातच आहे. आमचा हंगाम आणि त्यांचा हंगाम शेजारी शेजारी चालू झाला. मुलांनी फोटोतल्या अकराजणांना नावं ठेवली होती. मिश्या फुटलेला तो 'काका', हसणारा तो 'छोटू'. "आज त्यांचा कुठला?" असं मुलं मला विचारायची. राखीव मुलं कमी केली तेव्हा वगळलेल्यांच्या यादीत माझं नाव नव्हतं. उस्ताद म्हणाले, "शेलार ऱ्हाईल. तो वाचनारा हाय."

मग तो सातवा सामना. त्या आठवड्यात सरावात एकाने हाताने चेंडू अडवला आणि शपथेवर नाही म्हणाला. उस्तादांनी बघितलं होतं. ते ओरडले नाहीत, पण दोन दिवस गप्प होते, आणि ते गप्प असले की आम्हाला कसंतरीच व्हायचं. त्यांना बरं वाटावं म्हणून मी सोमवारी जरा जास्तच रचलं, या वेळी आकडाही बदलला. म्हटलं, शेवटच्या मिनिटाला त्यांच्या कप्तानाचा गोल झाला. रेफरीने दिलासुद्धा. पण चेंडू कप्तानाच्या हाताला लागला होता, ते कुणी बघितलं नव्हतं. कप्तानाने स्वतःच हात वर केला आणि रेफरीला सांगितलं. गोल रद्द झाला, ते हरले. आणि परत जाताना त्यांना निरोप द्यायला जिंकलेला संघ स्टेशनवर आला, रांगेत उभा राहून त्यांनी हरलेल्यांना सॅल्यूट केला.

उस्तादांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "परत वाच," म्हणाले.

मी परत 'वाचलं'. आधी काय बोललो होतो ते आठवून आठवून. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही.

त्या दिवसापासून आमच्या संघात नवा नियम आला. चेंडू हाताला लागला, किंवा आपल्याला लागून बाहेर गेला, तर रेफरीची वाट बघायची नाही. आपला हात आपण वर करायचा. पहिल्या सामन्यात प्रेक्षक हसले. दुसऱ्या संघाची मुलं आम्हाला "ओ महात्मा" म्हणून चिडवायची. पण नवल म्हणजे आम्ही जिंकत गेलो. रेफरी आमच्यावर विश्वास ठेवायला लागले, आमची भांडणं बंद झाली, सगळं लक्ष खेळावर. आम्ही पहिल्यांदाच अंतिम सामन्यापर्यंत पोचलो.

तो सामना अंबरनाथला झाला. आमचे कमांडंट साहेब, म्हणजे कॉलेजचे प्रमुख, संस्थेचे सगळे विश्वस्त घेऊन आले होते. फौजेतून आलेले करारी गृहस्थ. कप आला तर पुढच्या वर्षी प्रवेश वाढतील, असं ते उघड म्हणत. उस्तादांचा करारही त्याच महिन्यात संपत होता.

एक-एक अशी बरोबरी. अगदी शेवटी कॉर्नरवरून चेंडू आला, गर्दीत जितू उडाला आणि चेंडू जाळ्यात. रेफरीने गोल दिला. आम्ही राखीव मुलं बाकावरून उठून नाचायला लागलो. विश्वस्त एकमेकांना टाळ्या देत होते. जितू मात्र नाचत नव्हता. तो आपल्या कोपराकडे बघत होता. मग त्याने रेषेकडे, उस्तादांकडे बघितलं.

उस्तादांनी मागे बांधलेले हात सोडले आणि उजवा हात सरळ वर केला.

जितू रेफरीकडे गेला. "सर, हात लगा था."

गोल गेला. पेनल्टीवर आम्ही हरलो. कुणी आम्हाला सॅल्यूट केला नाही. समोरचा संघ कप घेऊन नाचत होता आणि त्यांच्यातला एकजण जितूला म्हणाला, "पागल है क्या तू?"

दुसऱ्या दिवशी कमांडंट साहेबांनी उस्तादांना बोलावलं. उस्ताद मला आणि पुस्तकाला सोबत घेऊन गेले. साहेब चिडलेले होते, पण अन्यायाने बोलत नव्हते. मुलाने खरं सांगितलं ते चांगलंच केलं, म्हणाले, पण तुम्ही बाहेरून खूण का केलीत? मुलाचा निर्णय मुलाला का घेऊ दिला नाही? हे असलं कुठून आणलंत?

उस्ताद ताठ उभे होते. "साहेब, ही फौजी कॉलेजची जुनी रीत हाय. पुस्तकात लिवलंय. आमचा शेलार दाखवेल."

साहेबांनी हात पुढे केला. "दाखव."

मी पुस्तक दिलं. कुठलं पान, त्यांनी विचारलं. मी सातव्या सामन्याचं पान काढून दिलं. साहेबांनी चष्मा लावला आणि ते वाचायला लागले. मला येत नव्हतं ते त्यांना येत होतं. डोळे ओळींवरून झरझर फिरत होते. त्यांनी मागची पानं बघितली, पुढची बघितली. मग म्हणाले, यात असं काहीही नाही.

उस्तादांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. मी मदत करेन अशा खात्रीने.

मी म्हणालो, "सर, एक सुटं पान होतं. ते आता दिसत नाही."

त्या खोलीत मी एवढंच बोललो.

"पान पडलं असंल साहेब," उस्ताद लगेच म्हणाले. "शिवन सुटलीय त्याची."

साहेबांनी पुस्तक मिटलं. "हवालदार, कप हरलेला मला चालतो. पोरांना पुढे करून केलेली बनवाबनवी चालत नाही."

उस्तादांच्या मानेवरची शीर ताठ झालेली मला दिसत होती. सव्वीस वर्षं फौजेत काढलेला माणूस, त्याला कुणी खोटारडा म्हटलं नसेल. त्यांनी सॅल्यूट केला, मागे वळले आणि बाहेर पडले. करार पुढे वाढला नाही.

बाहेर व्हरांड्यात मी खांबाला धरून थांबलो. उस्तादांना वाटलं मी घाबरलोय. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू कशाला घाबरतोस? पान गेलं त्यात तुझा काय दोष." मग पुस्तक माझ्या हातात देऊन म्हणाले, "हे तुझ्याकडंच ठेव. तुला वाचता येतं."

आपण आता बोलू, फाटकापर्यंत गेल्यावर बोलू, असं करत फाटक आलं आणि ते गेले.

बारावीनंतर मी बी.ए.ला इंग्रजी घेतलं. घरी सगळ्यांना नवल वाटलं. मी कारण सांगितलं नाही. दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत मी ते पुस्तक काढलं आणि सगळा हंगाम नीट वाचला. पहिल्या सामन्याला पाऊस नव्हता, कडक ऊन होतं. गोलकीपर नवा नव्हता. आणि सातव्या सामन्यात कप्तानाच्या गोलवरून वाद झाला होता खरा. समोरच्या संघाने हरकत घेतली, कप्तान हटला नाही, रेफरीने गोल कायम ठेवला, आणि रात्री त्यांनी मेजवानी केली. लिहिणाऱ्याने मोठ्या अभिमानाने लिहिलं आहे. चुकीचं काही नव्हतं त्यात. ती साधी मुलं होती आणि त्यांना जिंकायचं होतं.

म्हणजे उस्तादांनी ज्या संघावर एवढा जीव लावला, तो संघ कधी नव्हताच. तो मी सोमवारी सोमवारी, स्वतःची जागा टिकवायला, बनवला होता.

तरीही मी पालेगावला गेलो नाही. परीक्षा होती, मग दुसरी परीक्षा होती. तीन आठवड्यांपूर्वी जितू बाजारात भेटला. तो आता आजोबांच्या दुकानात बसतो. सहज म्हणाला, "अरे, तुझे उस्ताद दर मंगळवारी येतात ना आमच्याकडे. तुला माहीत नाही? वो पन्ना ढूंढने." मंगळवारी रद्दीचा टेम्पो येतो. ते पुस्तक ज्या गठ्ठ्यात आलं होतं त्यातलं सुटलेलं पान कुठेतरी दुसऱ्या गठ्ठ्यात मिसळलं असेल, असं त्यांना वाटतं. आजोबा आधी हसायचे, जितू म्हणाला, आता त्यांच्यासाठी जुने इंग्रजी कागद वेगळे काढून ठेवतात.

पुढच्या मंगळवारी मी गेलो. रस्त्याच्या पलीकडूनच ते दिसले. दुकानाच्या दारात, गठ्ठ्यावर बसलेले. केस पूर्ण पांढरे झालेले, पाठ तशीच. एकेक कागद उचलत होते, डोळ्यांजवळ नेत होते, उजेडाकडे धरत होते, आणि बाजूला ठेवत होते. फेकत नव्हते, कडा जुळवून ठेवत होते. इंग्रजी त्यांना वाचता येत नाही. ते कागदाचा रंग आणि अक्षराचा आकार बघत होते.

मला बघून त्यांचा चेहरा उजळला. "शेलार! बरा आलास. माजे डोले गेले आता." मी काही बोलायच्या आत त्यांनी मला शेजारी बसवून अर्धा गठ्ठा माझ्या मांडीवर ठेवला. "तू हे बघ. तू एकदा वाचलंयस, तुला बघितल्या बघितल्या कलंल." मग जरा थांबून म्हणाले, "मला नोकरी नको परत. ते पान घेऊन साहेबांच्या समोर एकदा उभं ऱ्हायचंय. बस."

आणि मी शोधायला लागलो.

हे लिहिताना मला सगळ्यात जास्त लाज याचीच वाटते आहे. साहेबांच्या ऑफिसात मी सतरा वर्षांचा होतो, घाबरलेला होतो. इथे मी एकवीस वर्षांचा, तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी, त्यांच्या शेजारी बसून, जे पान नाही ते पाऊण तास शोधत होतो. शेवटी त्यांनी विचारलं, "तुझ्यात काय?"

"नाही, उस्ताद."

"बरं. पुढल्या मंगलवारी." ते उठले, गुडघ्यावर हात ठेवून, पँटवरची धूळ झटकली, आजोबांना सॅल्यूट केला. रस्ता ओलांडताना एका रिक्षावाल्याने हॉर्न दिला, तर त्यांनी हात दाखवून आधी त्याला जाऊ दिलं आणि मग गेले.

त्यानंतरचे दोन मंगळवार मी गेलो नाही. घरी बसून हे लिहीत होतो. मराठीत लिहिलं आहे, मोठ्या अक्षरात, म्हणजे त्यांना ते दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावं लागणार नाही. परवा मंगळवार आहे. त्यांच्या हातातला गठ्ठा घेऊन त्या जागी हे कागद ठेवायचे, एवढंच करायचं आहे. ते सावकाश वाचतात, ओळीखाली बोट धरून. शेवटच्या ओळीपर्यंत मी तिथेच उभा राहीन. बसणार नाही.